हिरवी काडी

"भाऊ, साध्याची कढई वेगळी हाय न?" दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, काउंटरवाल्याला तिसऱ्यांदा विचारलं.

रविवारची दुपार होती. नागपूरच्या त्या मॉलच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर बसायला जागा मिळावी म्हणून लोक खाणाऱ्यांच्या खुर्च्यांमागे उभे राहून त्यांच्या घासांवर नजर ठेवत होते. चायनीजच्या काउंटरवर सगळ्यात मोठी रांग, कारण तिथे सगळ्यात स्वस्त. आमच्या मागे पंधरा-वीस माणसं चुळबुळत होती आणि दादा काउंटरवर दोन्ही हात टेकून, टोपी सारखी करत, निवांत उत्तराची वाट बघत होते.

"काका, कढई वेगळी, झारा वेगळा, समदं वेगळं," काउंटरवाला म्हणाला. त्याने पुढ्यातले दोन पेले दाखवले. दोन्हींत दात कोरायच्या काड्या, टोकाला कागदाचे इवले झेंडे. "हे पाहा. व्हेजमध्ये हिरवी काडी टोचून देतो, नॉनव्हेजमध्ये लाल. आजवर कधी चूक नाही झाली."

"मंग ठीक हाय," दादा म्हणाले.

मला लाज वाटली. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी जे केलं ते ऐकून लोक मला फार बाणेदार समजतात. मी बाणेदार नव्हते. चोवीस वर्षांची होते, लग्न अठरा दिवसांवर आलं होतं, आणि होणारा नवरा पराग शेजारी उभा राहून मोबाइलच्या आडून हसत होता. तो हसतोय याचा मला राग आला नाही. दादा विचारतायत याचा आला.

परागच्या शेरवानीसाठी आम्ही आलो होतो. पद्धत अशी की नवरदेवाचे कपडे मुलीकडच्यांनी घ्यायचे, आणि परागला ते याच मॉलमधले हवे होते. म्हणून दादा सकाळच्या एसटीने आमच्या गावाहून, अमरावतीच्या पलीकडून, मला घेऊन आले. त्यांच्याकडून पराग आणि त्याची मोठी बहीण पल्लवीताई. दोन तास दुकानं पालथी घातली, शेरवानी काही पसंत पडेना, आणि शेवटी पराग म्हणाला, "आधी पेटपूजा करू."

खरं म्हणजे दादांना इथे काही खायचंच नव्हतं. त्यांच्या खांद्याला ती खाकी पिशवी होती, नोकरीत असताना पक्कड आणि टेस्टर ठेवायची. निवृत्त झाल्यापासून तिच्यात शिदोरी असायची. खाली एका बाकड्यावर त्यांनी डबा उघडलाही होता. ज्वारीची भाकरी, ठेचा, वांग्याची कोरडी भाजी.

"दादा, काय राव," पराग म्हणाला, "मॉलमध्ये येऊन भाकरी? लोक पाहून राहिले. आज जावयाच्या हातचं खा."

"तुम्ही खा बापू. मले हे चालते."

"म्हणजे आमचं चालत नाही," पल्लवीताई म्हणाली आणि माझ्याकडे बघून डोळे मिचकावले.

दादांनी माझ्याकडे बघितलं. मी डब्याचं झाकण लावलं, फडक्याची गाठ मारली आणि डबा पिशवीत ठेवून दिला. माझ्या हाताने.

आता दादांविषयी सांगायला हवं. ते वीज कंपनीत लाइनमन होते. आमचं घर महानुभाव पंथाचं, पण पंथाच्या घरात जन्मणं वेगळं आणि उपदेश घेणं वेगळं. उपदेश घेतला की मांस सुटतं, दारू सुटते, आणि ते जन्मभरासाठी असतं. दादांनी तो अडतिसाव्या वर्षी घेतला. त्याआधी ते लाइनमनच्या टोळीतले कोंबडीचे नामी आचारी होते. शेतात लाइन ओढायचं काम चालू असलं की शनिवारी तीन दगडांची चूल मांडायची, पातेलं चढवायचं, आणि रश्श्याला हात दादांचाच. त्यांचा जोडीदार म्हणजे वासुदेवकाका. मी दोन वर्षांची असताना अशाच एका शनिवारी रस्सा शिजत होता आणि वासुदेवकाका म्हणाले, "तू मीठ पाय, मी पाच मिनिटात वरचं काम उरकून येतो." लाइन बंद होती. कोणीतरी कुठेतरी ती चालू केली.

दादांनी त्यांना खांद्यावर घेऊन खाली उतरवलं. मागे पातेलं जळून कोळसा होईपर्यंत चुलीवर तसंच होतं. त्यानंतरच्या आठवड्यात दादा मठात गेले आणि उपदेश घेऊन आले. त्याबद्दल ते कधीही बोलायचे नाहीत. हे सगळं मला आईने सांगितलं. दुसऱ्या कोणाला मात्र त्यांनी कधी अडवलं नाही. पाहुणा मटण खाऊन आला तरी त्याच्याशेजारी पाट मांडून बसत. फक्त स्वतःचं ताट सांभाळत. बाहेरगावी पिशवीतलं खात, आणि बिस्किटाचा पुडा घेतला तरी त्यावरचा हिरवा ठिपका शोधून, त्यावर अंगठा टेकवून मग फोडत. बावीस वर्षं.

हे परागला ठाऊक होतं. मीच सांगितलं होतं, मोठ्या कौतुकाने. आणि मी स्वतः नागपूरला होस्टेलवर राहून इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करताना कोंबडी खायला लागले होते, तेही परागला ठाऊक होतं. याच मजल्यावर, याच काउंटरची, आम्ही दोघांनी कितीदा तरी खाल्ली होती.

तर, कोपऱ्यातलं एक टेबल मिळालं. काउंटरवाल्याने एक चपटं काळं यंत्र दिलं होतं. खाणं तयार झालं की ते थरथरतं. ते दादांच्या हातात होतं. ते थरथरलं तेव्हा दादांनी उलटून-पालटून बघितलं आणि म्हणाले, "याले अर्थिंग नाई दिलं कोनी." मी हसले. त्या दिवशीचं माझं ते शेवटचं मनापासूनचं हसणं.

मी उठले तर पराग म्हणाला, "तू बस ना दादांजवळ. मी अन् ताई आणतो."

बराच वेळ दोघं काउंटरपाशी पाठमोरे उभे होते. मग आले. चार ट्रे, चार कॉम्बो: नूडल्स, त्यांच्या बाजूला तपकिरी रश्श्यात मंचुरियनचे गोळे. दादांच्या गोळ्यांवर हिरवा झेंडा ऐटीत उभा होता.

दादांनी तो उपटला, निरखला आणि शर्टाच्या खिशात ठेवला. "तुह्या मायले दाखवतो," मला म्हणाले. "ताटात झेंडा लावून देतात म्हना लोक."

परागने मोबाइल सॉसच्या बाटलीला टेकवून उभा केला. "आठवण म्हणून," तो म्हणाला. "दादांचं पहिलं चायनीज."

दादांनी डोळे मिटून क्षणभर देवाचं नाव घेतलं, काट्याने एक गोळा उचलला आणि तोंडात टाकला. दोनदा चावला. मग त्यांचा जबडा थांबला.

त्यांनी परागकडे बघितलं. पराग हनुवटीखाली मूठ धरून त्यांच्याकडेच बघत होता. मग दादांनी माझ्याकडे बघितलं, आणि माझ्याकडे ते बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, तिखट लागलं असेल. किंवा आवडलं नसेल आणि सांगायला संकोच वाटत असेल. मी मान हलवून हसले. खा ना, अशा अर्थाने.

दादांनी घास गिळला.

"कसं आहे, दादा?"

"मऊ हाय," दादा म्हणाले.

पल्लवीताईला ठसका लागला. तिने ओढणी तोंडावर घेतली, तिचे खांदे हलत होते. दादा पुढचा गोळा उचलत होते. एकेक करून त्यांनी सगळे संपवले. मध्ये पाणी प्यायले नाहीत की बोलले नाहीत. मी मधूनमधून शेरवानीच्या रंगाबद्दल काहीतरी बडबडत होते. शेवटचा रस्सा त्यांनी नूडल्सला पुसून घेतला, कारण ताटात टाकायचं नाही ही त्यांची सवय. मग टोपी काढून टेबलावर ठेवली, "हात धून येतो" म्हणाले आणि गर्दीतून बेसिनच्या दिशेने गेले.

ते नजरेआड झाले आणि दोघं बहीणभाऊ फुटले. पराग टेबलावर थापा मारत हसत होता.

"काय झालं?" मी विचारलं. मीही हसत होते. कशाला हसतोय हे माहीत नसताना माणूस हसतो, तसं.

परागने मूठ उघडली. तळव्यावर लाल झेंड्याची काडी होती.

"चिकन होतं," तो म्हणाला. "मी काडी बदलली. त्यांच्या ताटात चिकन, अन् त्यांचं व्हेज हे माझ्या ताटात. पाहिलं न कसं चाटूनपुसून खाल्लं?"

मला कळायला वेळ लागला. खरंच लागला. मी त्याच्या ताटात बघितलं, दादांच्या रिकाम्या ताटात बघितलं, टेबलावरच्या टोपीकडे बघितलं.

"काय झालं त्यांना?" पराग म्हणाला. "काही झालं? आभाळ पडलं? बावीस वर्षं म्हणे. अगं, जिभेला कळलंसुद्धा नाही. सगळं डोक्यात असते, हेच तर मी तुला सांगून राहिलो होतो."

"तू मुद्दाम केलं?"

"गंमत केली गं," पल्लवीताई म्हणाली. "आमच्याकडे असंच असते. माझ्या नवऱ्याला तर आमच्या लोकांनी भांग पाजली होती. तो आजही सांगून सांगून हसतो."

"त्यांना सांगायचं नाही हं आता," पराग म्हणाला. "लग्न झाल्यावर सांगू. पहिल्या दिवाळीत. तेव्हा तेही हसतील."

"तो व्हिडिओ पुसून टाक."

"अगं, टाकला की मी घरच्या ग्रुपवर. पप्पांचा हसण्याचा इमोजी आला पण."

मला राग आला की मी आरडाओरडा करते, भांडी आपटते, घरात सगळ्यांना ठाऊक आहे. त्या दिवशी आवाजच निघेना.

"पराग, ते त्यांनी वासुदेवकाकांसाठी सोडलं होतं. मी तुला सांगितलं होतं."

"अन् तू?" तो म्हणाला. आता तो हसत नव्हता. "तू नाही खाल्लं? इथंच बसून? तेव्हा आठवले नाही का वासुदेवकाका? तुझं चालते, बापाचं नाही चालत?"

त्याने नेम धरून मारलं होतं आणि बरोबर लागलं होतं. आजही कोणी हा प्रश्न विचारला तर माझ्याकडे एवढंच आहे की मी खाल्लं ते मी ठरवून खाल्लं, माझ्या ताटातली काडी कोणी बदलली नव्हती. त्या वेळी हे सुचलं नाही.

साखरपुड्याची अंगठी घट्ट झाली होती, निघेना. थोडा रस्सा बोटाला लावून मी ती ओढून काढली आणि त्याच्या ट्रेमध्ये, लाल काडीशेजारी ठेवली.

"वेडी झाली का तू?" पल्लवीताई म्हणाली. "एवढ्याशा कोंबडीसाठी?"

"ताई, मोठ्याने बोलू नका. ते येतायत."

दादा येत होते. तोंड धुतल्याने शर्टाची कॉलर भिजली होती, डोळे लाल होते. त्यांनी टेबलावरची टोपी उचलली, घातली आणि ट्रेकडे बघितलं. अंगठी त्यांना दिसली.

"चला दादा," मी म्हणाले.

"कुठं? थे शेरवानी..."

"घरी. लग्न होणार नाही."

मी मनाशी एकच गोष्ट पक्की केली होती. दादांना कारण कळू द्यायचं नाही. त्यांनी काय खाल्लं हे त्यांना जन्मात कळू द्यायचं नाही. मला कोणी काही म्हणो, माथेफिरू म्हणो, आणखी काही म्हणो.

दादांनी काय करावं? त्यांनी परागपुढे हात जोडले.

"बापू, पोरगी तापट हाय. मनावर नका घेऊ. मी समजावतो तिले. संध्याकाळी फोन करतो."

ते जोडलेले हात मी बघितले आणि मला वाटलं, आत्ता इथे टेबल उलथून टाकावं. मी दादांच्या दंडाला धरलं आणि सरकत्या जिन्याकडे ओढत नेलं. सकाळी येताना त्या जिन्यावर पाय ठेवायला ते बिचकत होते. आता त्यांना तो कळलाही नाही.

साडेतीनची एसटी मिळाली. मागच्या बाजूला दोन जागा. गाडी शहराबाहेर पडली. दादा सुरू झाले.

"काय झालं, सांग."

"काही नाही."

"काई नाई म्हून अंगठी काढते कोनी? पत्रिका वाटल्या. मंडप सांगतला. तुही माय लोकाईले साड्या वाटून रायली. कारन सांग."

"मला तो आवडत नाही."

"साक्षगंधात अंगठी घातली तवा आवडे?"

"तेव्हा आवडायचा."

"अन् आज दुपारी दोन वाजता आवडेनासा झाला." त्यांचा आवाज चढला. पुढच्या सीटवरची बाई वळून बघायला लागली. "पोरी, लोक काय म्हनतीन तुले? मोडल्या लग्नाची पोरगी. मले विचारतीन, काऊन मोडलं? मी काय सांगू?"

"सांगा, मुलगी माथेफिरू निघाली."

"थोबाड रंगवीन तुहं," दादा म्हणाले. आयुष्यात त्यांनी माझ्यावर हात उचलला नव्हता. त्या दिवशी उचलला असता तर मला बरं वाटलं असतं. मी खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांच्यासाठी मी हे सगळं ऐकून घेतेय आणि त्यांना पत्ताही नाही, या विचाराने मला जरा अभिमानच वाटत होता. आता तो आठवला की लाज वाटते.

कोंढाळीच्या पुढे दादांचा फोन वाजला. त्यांचा तो साधा छोटा फोन, ऐकू कमी येतं म्हणून आवाज पूर्ण वाढवलेला. परागचे वडील होते. त्यांचा शब्द न् शब्द मला ऐकू येत होता.

"व्याहीबुवा, काय हे? पोरांनी जराशी गंमत केली अन् तुमच्या मुलीने अंगठी फेकली म्हणे. तुम्हाला तर बिचाऱ्यांना माहीतही नाही काय झालं ते."

मी फोन हिसकावून घ्यायला हात पुढे केला. दादांनी माझा हात धरला आणि खाली दाबून ठेवला.

"माहीत हाय," ते म्हणाले.

"काय?"

"कोंबडी होती. मले पह्यल्याच घासाले समजलं."

मी हात सोडवायचं थांबवलं.

"मग झालं तर," पलीकडचे हसले. "तुम्ही समजूनउमजून खाल्लं, म्हणजे तुमचीही ना नव्हती. मग पोरीला काय झोंबलं? तिला म्हणा, परागला एक फोन कर, माफी माग, विषय संपव. आम्ही मनात ठेवणार नाही."

"तिले विचारतो," दादा म्हणाले आणि फोन बंद केला.

गाडी धडधडत होती. मी म्हणाले, "तुम्हाला माहीत होतं."

"दहा वर्षं टोळीले रांधून घातलं म्या. कोंबडीचा घास तोंडात गेला अन् मले समजनार नाई?"

"मग थुंकलं का नाही? उठला का नाही?"

"तुह्याकडं पायलं म्या," दादा म्हणाले. "तू हसली. मले वाटलं, तुलेबी ठाव हाय. तुमी सगळ्याईनं मिळून केली गंमत."

"दादा, मला माहीत नव्हतं. शपथ. मला नंतर कळलं."

"थे आता समजलं. तू कारन काऊन सांगे ना, थेबी समजलं. मले वाचवून रायली होती तू." ते थोडे थांबले. "होस्टेलात तू खाते, मले मालूम होतं. सुटीत येऊन पालेभाजीले नाक मुरडे. म्या कधी म्हटलं तुले काई? ज्याचं ताट त्याचं."

"मग आज का खाल्लं?" मी ओरडले. आता पुढची बाईच काय, कंडक्टरही बघत होता. "एक घास समजू शकते. पुढचे सगळे का खाल्ले? रस्सासुद्धा पुसून खाल्ला तुम्ही."

"तर काय करू? ताट सारून उठू? अठरा दिवसांवर लगन. थो पोरगा मोबाइल लावून बसला. मी उठलो असतो तर थो वाकड्यात शिरला असता, त्याचा बाप शिरला असता. तुहं लगन मोडलं असतं. म्हून गिळलं. एकेक घास वासुदेवले हात जोडून गिळला." असा राग मी त्यांच्या चेहऱ्यावर आधी पाहिला नव्हता, आणि तो माझ्यावर होता. "बावीस वर्षं धरलं थे म्या तुह्या लग्नापायी सोडलं. अन् हात धून येतो तं तू लगनच सोडलं. मंग मी कायले गिळलं? सांग न. कायले गिळलं म्या?"

ते हात धुवायला उठले तेव्हा बेसिनपर्यंत त्यांच्याबरोबर गेले असते, तर. डब्याला गाठ मारली नसती, तर. मला सगळ्यांचा राग आला होता: परागचा, पल्लवीताईचा, त्या फोनमधल्या हसण्याचा. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी सगळ्यात जास्त राग मला दादांचा आला.

"तुम्ही गिळलं म्हणूनच मोडलं असतं मी," मी म्हणाले. "माहीत असतं तर तिथेच, तुमच्यासमोर मोडलं असतं. आज तुम्ही गिळलं, उद्या मला गिळायला लावलं असतं त्यांनी. आणि तुम्ही म्हणाला असतात, गिळ."

दादा माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी तोंड फिरवलं.

तिवसा आलं. फोन पुन्हा वाजला. दादांनी तो बराच वेळ वाजू दिला, मग उचलला.

"विचारलं का तिला?" परागचे वडील.

"विचारलं. थे नाई म्हनते." दादांनी घसा खाकरला. "अन् मीबी नाई म्हनतो. शेरवानी तुमची तुमी पाहून घ्या."

आणि त्यांनी फोन बंद करून, मागचं झाकण उघडून, बॅटरीच काढून ठेवली. लाइनमनचा हात. लाइन बंद करायची तर मुळातून.

घरी पोचल्यावर आईला काय सांगितलं, पत्रिका वाटलेल्या घरांमध्ये कोण काय बोललं, ते सगळं यथासांग झालं. ते सगळ्यांच्या घरी होतं तसंच झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगायचंय ते दुसऱ्या दिवशी सकाळचं.

दादा उठून, आंघोळ करून, काही न खाता मठात निघाले. मी मागे गेले. त्यांनी नको म्हटलं नाही. आदल्या दिवसापासून ते माझ्याशी बोललेच नव्हते. आईने निघताना त्यांना चार-चारदा बजावलं होतं, "बाबाईले सांगा, फसवून खाऊ घातलं. चुकून गेलं म्हना. खोटं थोडीच हाय?"

मठातले बाबा ऐंशीच्या घरातले. ओसरीवर बसून होते. दादांनी दंडवत घातला आणि तसेच गुडघ्यांवर बसून सगळं सांगितलं. मॉल, काडी, कोंबडी. परागचं नाव घेतलं नाही. मी दाराशी उभी होते.

"फसवलं म्हनता त्याईनं," बाबा म्हणाले. "म्हंजे नकळत झालं. नकळत झालं त्याचं काई मोठं नाई."

"नकळत नाई बाबा," दादा म्हणाले. "पह्यला घास नकळत. बाकीचे समजून."

बाबांनी मान वर केली. "समजून काऊन खाल्लं?"

मी वाट बघत होते. माझं नाव येईल याची. पोरीसाठी खाल्लं, पोरीच्या सुखासाठी, लेकीच्या मायेपोटी. एसटीत ते हेच म्हणाले होते. गावातही पुढे लोक हेच म्हणाले, केवढी माया बापाची. मला ते ऐकायचं नव्हतं आणि मी ते ऐकायला कान टवकारून उभी होते.

दादा जमिनीकडे बघत होते.

"भ्यालो, बाबा," ते म्हणाले.

"कोनाले?"

"पोराले. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा पोरगा हाय. त्याले भ्यालो. पोरीचा बाप हाय न मी, बाबा."

बाबांनी प्रायश्चित्त सांगितलं: महिनाभर एकवेळ जेवण आणि पहाटेचं नामस्मरण. दादांनी ते जसंच्या तसं पाळलं. महिन्याने ते माझ्याशी पहिल्यासारखे बोलायलाही लागले. मग मला नोकरी लागली, आयटीआयमध्ये वीजतंत्री शिकवायची. लग्नही झालं, माझ्या मर्जीने, उशिरा. दादांना जाऊनही आता सहा वर्षं झाली.

परागवरचा राग केव्हाच विरला. मागे एकदा तो बायकामुलांसह रेल्वे स्टेशनवर दिसला, टक्कल पडलेला, आणि मला काहीच वाटलं नाही. पण माझा बाप पावसापाण्यात अकरा हजार व्होल्टच्या लाइनवर चढायचा. वासुदेवकाका गेल्यावरही, दुसऱ्याच आठवड्यात, त्याच खांबावर चढला होता. त्या माणसाला जगात एकाच गोष्टीने भिववलं, आणि ती म्हणजे माझा बाप असणं. हा राग कोणावर काढायचा हे मला अजून कळलेलं नाही, म्हणून तो तसाच आहे.

दरवर्षी नव्या वर्गाला मी पहिल्या दिवशी लाइन मुळातून बंद कशी करायची ते शिकवते. वर्गात आता मुलीही असतात. त्यांना मी पुन्हा, तास संपल्यावर थांबवून शिकवते.